काकूंची होडी

मच्छीमार सोसायटीतल्या काकू नसत्या, तर माझ्या सुतार बापाचा गळ कायमचा सुटला असता. शाळा अर्धवट सोडून मी परमुलखात सुतारकीच करतो, पण त्यांना विसरलो नाही.

माजलगावच्या धरणावर सोसायटीच्या होड्या बापानंच बांधल्या, अध्यक्ष जिवाचा दोस्त म्हणून फुकट. सुट्टीच्या दिवशी आम्हा सगळ्यांना घेऊन तो काठावर मासे धरत बसायचा. दुष्काळात पाणी आटलं, मासळी घटली आणि कालपर्यंत आमच्या ताटात जेवणारा तो दोस्त म्हणाला, "सभासद न्हाई तुमी. गळ उचला."

बाप लेकरांदेखत गळ गुंडाळून उठला.

काकू म्हणाल्या, "भाऊ, माझ्या होडीत बसा. मी हाय सभासद. बांधली कुणी, ते इचारा अध्यक्षाला."

ती होडी आता गळते म्हणे. मी गावी परतेन तोवर काकू असतील ना, ही धास्ती वाटते. बापाच्याच हत्यारांनी ती दुरुस्त करून देईन.