टोपीवाल्यांचा वाद आणि गजानन

रोह्यात कंपनीच्या गेटवर फोन आला तेव्हा माझी पहिली शिफ्ट संपत आली होती. "दादा गेला," पलीकडून विलास म्हणाला. माझा मित्र गजानन, त्याचा हा धाकटा भाऊ. त्या फोनला आता महिना उलटला.

गजानन पेणजवळच्या जोह्याचा. गणपतीच्या कारखान्यात तो आखणी करायचा, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायचा. नव्वद-एक्याण्णवच्या सुमारास आमची गट्टी जमली ती काउबॉय घोडेस्वारांच्या इंग्रजी सिनेमांमुळे. जोह्यात त्यांना ‘टोपीवाले पिक्चर’ म्हणत. रोह्यातून कॅसेट भाड्याने घेऊन मी गाडीने पेणला उतरायचं, तिथून एसटीने जोह्याला, आणि रविवारी दुपारी कारखान्यातल्या टीव्हीवर पिक्चर बघून झाला की कोणता भारी यावर सगळ्यांनी भांडायचं. कुणाला बँक लुटणारे आवडत, कुणाला रेल्वेवर धाड घालणारे. मला गावात एकटाच येणारा बंदूकवाला. कंपनीत चार इंग्रजी शब्द कानावर पडत, तेवढ्यावर मी दुभाष्याचा रुबाब मिरवायचो. वासरात लंगडी गाय शहाणी!

गजाननचा आवडता पिक्चर एकच, दोन भावांचा. शेवटी धुळीच्या लोटात धाकटा थोरल्यावर गोळी झाडतो. ओळखून झाडली की न ओळखता, हा आमचा कायमचा वाद. मी म्हणायचो, धुरळ्यात त्याला दिसलंच नाही. "समजून मारलान," गजानन म्हणायचा, आणि कारखाना चिडीचूप व्हायचा. कारण विलासने वडिलांच्या हातचा गणपतीचा साचा दुसऱ्या कारखान्याला दिला होता. चुकून गेला, असं तो सांगे. दोन वर्षं गजानन त्याच्याशी बोलला नव्हता.

एका रविवारी गजाननने तोच प्रसंग तीनदा मागे नेऊन लावला. गोळीआधी धाकटा काहीतरी पुटपुटतो. "तुला इंग्रजी येतं ना? काय म्हनतो तो? खरं सांग." कारखान्यात कुणाचा ब्रश हलत नव्हता. धाकटा म्हणत होता, ‘टॉम’. थोरल्याचं नाव.

"म्हणतो... कोण आहे तिकडे?" मी ठोकून दिलं. गजानन माझ्याकडे बघत राहिला, नको इतका वेळ. मग त्याने टीव्ही बंद केला. "मंग तू जिकलास," म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो विलासच्या दारात जाऊन उभा राहिला, आणि त्या हंगामात दोघे भाऊ पुन्हा शेजारी शेजारी कामाला बसले.

खोटं बोलून मी दोन भाऊ जोडले याचा मला अभिमान होता, आणि धास्तीही. उद्या खरा इंग्रजी जाणणारा कुणी तिथे येऊन बसला तर? तेव्हापासून गजानन जाईपर्यंत, सात वर्षं मी तो पिक्चर जोह्यात लागू दिला नाही. कॅसेट अडकते, कुणीतरी नेली, अशा थापा मारत राहिलो. गजाननने कधी हट्ट धरला नाही.

परवा राहवेना, म्हणून जोह्याला गेलो आणि विलाससमोर एका दमात सगळं कबूल केलं. तो रंग ढवळत राहिला. "दादाला कळलं नाय असं वाटलं तुला? अरे, नावाला इंग्रजी लागतं व्हय?" विलास खाली मान घालून पुढे म्हणाला, "आनि साचा मी चुकून नव्हता दिला. तेबी ठाव होतं त्याला."

मला गजाननचा राग आला. सात वर्षं त्याने मला धाकात ठेवलं! आणि दुसऱ्याच क्षणी त्याची इतकी आठवण आली की डोळे भरून आले.

आखणीच्या जागी त्याचं बसायचं पोतं घडी घालून ठेवलेलं होतं. विलास त्याच्या बाजूला, उघड्या फरशीवर बसून काम करत होता.

"त्यावर बस की," मी म्हटलं.

"नाय. दादानं बस म्हनलेलं नाय."

मग मीही फरशीवरच बसलो.