नणंदेचं बाळ, माझं पोट

माझ्या नणंदेचं पहिलं बाळंतपण फसलं. बाळ गेलं, आणि तिचा जीव वाचवायला डॉक्टरांना गर्भाशय काढावं लागलं. ती शहराला लागून सूसला एका सोसायटीत राहते, आम्ही कासार आंबोली गावात. तिचं आणि तिच्या नवऱ्याचं मूल दुसऱ्या बाईच्या पोटात वाढवता येतं, हे तिला नंतर कळलं. पूर्वी अशी बाई पैसे देऊन मिळायची. आता कायद्यानं ते बंद झालंय. जी करेल तिनं मायेपोटीच करायचं, आणि तिला स्वतःचं मूल असायला हवं. आमच्या ओट्यावर बसून ती हे सांगत होती आणि माझ्याकडे बघायचं टाळत होती. त्यावरूनच मी ओळखलं.

"वन्सं, मी चालेन का?" मी विचारलं.

ती रडायलाच लागली.

माझा नवरा मात्र बिथरला. "तुला काही झालं तर आपल्या पोराचं काय?" एवढंच तो म्हणत राहिला. बहिणीचं दुःख त्याला दिसत नव्हतं असं नाही. पण भीती मोठी होती.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "मला जिनं वाढवली, तिनं मला जन्म न्हाई दिला," त्या म्हणाल्या. "तिला मूल न्हवतं. धाकल्या जावेनं जन्मल्या जन्मल्या मला तिच्या वटीत घातली. जन्म देनारी शेजारच्याच घरात ऱ्हायची. जलमभर मी तिला काकी म्हनत आले. ती गेल्यावर दहाव्याला कुनीतरी बोललं, तवा मला कळलं."

माझ्या नवऱ्यालाही हे ठाऊक नव्हतं.

"मग मी हे करू नको म्हणता?" मी विचारलं.

"कर की. पन लपवू नगा. हुनाऱ्या पोराला समजायला लागलं की सांगून टाका."

शेवटी नवराही तयार झाला, आणि दवाखान्यात नणंदेचा गर्भ माझ्या पोटात ठेवला. डोहाळजेवणाला ओटी कुणाची भरायची, यावर बायका घुटमळल्या. सासूबाईंनी दोन पाट मांडले आणि आम्हा दोघींची ओटी भरली. शेजारणीनं हळूच विचारलं, "बाळ कुनाचं म्हनायचं वो?"

"माज्या लेकीचं. सुनंच्या पोटात हाय."

मुलगी झाली. तिला आधी नणंदेच्या हातात दिलं. तसं माझंच सांगणं होतं. मनाची तयारी मी करून ठेवली होती, दुधाची नव्हती. दूध आलं ते थांबेना. मग रोज सकाळी कामावर जाताना नवरा ते बर्फात ठेवून गाडीवरून सूसला पोचवायचा. पुढे एक दिवस नणंदेचा फोन आला. "वहिनी, आता तिला पावडरचं दूध पचतंय. तुम्ही आता त्रास नका घेऊ." ती प्रेमानंच बोलली. मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि मोरीत जाऊन पोटभर रडले. नवरा दाराबाहेर उभा होता. तिथून हलला नाही.

मुलगी आता शाळेत जाते, तिला सगळं सांगितलंय. गणपतीत पाहुण्यांसमोर तिनं स्वतःच जाहीर केलं, "मी आधी मामीच्या पोटात होते, मग आईकडे आले." घर बदलल्यासारखं सांगून ती मोदक खायला बसली. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. सासूबाई तेवढ्या तोंडाला पदर लावून हसल्या.

आमच्याकडे आली की ती गाडीतून उतरून सरळ वासराकडे पळते. मी दारात असते, ती माझ्या बाजूनं न थांबता निघून जाते. मला त्याचं बरं वाटतं. कधी कधी नाही वाटत.