आयफोनवर न हलणारी पालखी

सर्वेश आमचा शेजारी. आईच्या आजारपणात पुण्यातली नोकरी सोडून गावी आला आणि ती गेल्यावरही इथेच राहिला. मोबाइलची अ‍ॅप बनवतो. दिवसभर घरात एकटाच. बोलतो ते लॅपटॉपशी, तेही रागावून. माणसाने इतकं एकटं राहू नये, असं मी बायकोला कितीदा म्हटलं. त्याच्याकडे जाऊन बसलो मात्र कधी नाही.

यंदा शिमग्याआधी गावकीने त्याला कामाला लावलं. ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, ती आता कुणाच्या दारात आहे हे मुंबईकरांना फोनवर दिसलं पाहिजे. त्याने महिना घातला. अँड्रॉइडवर पालखी छान चालायला लागली. आयफोनवर मात्र एका घरी थांबली की थांबलीच.

"दोघांचे कायदे वेगळे, काका," तो म्हणाला. "एकाला चालतं ते दुसऱ्याला चालत नाय. त्यात माझ्याकडे आयफोनच नाय."

तपासायचं तर त्याने आपल्या मुंबईच्या आयफोनवाल्या भावाला, अनिलला, फोन करायचा. आणि अनिल सदा मीटिंगमध्ये.

शेवटी तोडगा निघाला. सर्वेशने पालखीबरोबर चालायचं आणि प्रत्येक घरी एक बटण दाबायचं, म्हणजे आयफोनवरही ती पुढे सरकेल. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. गडी हुशार!

त्याला काळजी एकच होती. आई गेल्यामुळे गेल्या वर्षी त्याच्याकडे पालखी आली नव्हती. यंदा येणार होती, आणि आईसारखं दिवा लावून दारात उभं राहायचं त्याच्या फार मनात होतं.

"दोन घरं आधी मी पुढे पळेन, काका. तयारी करून ठेवलीय."

पण त्याच्या घराच्या दोन घरं अलीकडे, आप्पांच्या अंगणात, आयफोन पुन्हा हटून बसले. बटण दाबूनही काही होईना. मुंबईहून फोनवर फोन: 'पालखी दिसत नाय', 'झोपलास काय रे?' बिचारा अंगणाच्या गडग्यावर, दगडी कुंपणावर, लॅपटॉप मांडून बसला. ढोल पुढे गेले, आम्हीही पालखी नाचवत पुढे गेलो. त्याला हाक मारायचं कुणालाच सुचलं नाही. मला तरी सुचायला हवं होतं.

सर्वेशच्या अंगणात पालखी टेकली. कुणीतरी ओरडलं, "दार उघडा!"

दाराला कुलूप होतं. ढोल थांबले, सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात तो लॅपटॉप छातीशी धरून धावत आला. लॅपटॉप काखेत मारून त्याने कुलूप काढलं. आत ताट मांडलेलं होतं. नारळ, हळद-कुंकू, आणि समईत वात घालून ठेवलेली, न लावलेली. मला फार लाज वाटली.

पालखीपुढे गाऱ्हाणं, म्हणजे घरासाठीचं मागणं, चालू असतानाच अनिलचा फोन आला. तो इतक्या मोठ्याने बोलत होता की मलाही ऐकू आलं.

"आता दिसली रे! आपल्याच दारात आहे! दारात कोण उभं होतं?"

सर्वेशने तोंड फिरवलं.

"कोण नाय," तो म्हणाला.