म्हाताऱ्याला मी बघतो

तपास खात्याच्या ध्वनिमुद्रण कक्षात तिला सगळे कानताई म्हणत. दिवसभर कानांवर हेडफोन आणि बोटं कीबोर्डवर. जप्त केलेल्या फोनमधली संभाषणं ऐकून ती कागदावर उतरवायची. स्वभावाने भित्री. साहेबांच्या केबिनपाशी जाऊन दोनदा घसा खाकरायची आणि पुष्कळदा तशीच परत फिरायची.

त्या वर्षी एक प्रकरण आलं. एक म्हातारे गृहस्थ जिन्याखाली डोकं फुटलेले सापडले होते, शुद्ध हरपलेली. घरावरून मुलाशी त्यांचे खटके उडत, हे सगळ्या इमारतीला ठाऊक. मुलाच्या फोनमध्ये त्याच सकाळचं, शेजारच्या सुताराशी झालेलं बोलणं आपोआप रेकॉर्ड झालं होतं. सुतार म्हणत होता, "तू जा. दार नुसतं लोटून ठेव. म्हाताऱ्याला मी बघतो."

कानताईने वाक्य उतरवलं. खाली छापील चौकट होती: धमकी आहे की नाही? तिने 'आहे'वर खूण केली, सही ठोकली आणि चहाला गेली. दुसऱ्या दिवशी मुलगा आणि सुतार दोघेही कोठडीत.

तीन आठवड्यांनी कोर्टासाठी प्रत काढताना तिच्या हातून चुकून अख्खा फोल्डर उघडला गेला. आत त्याच दोघांची आणखी अकरा संभाषणं होती. तिच्यापर्यंत ती कुणी पोचवलीच नव्हती. तिने एक लावलं. "तू जा कामावर. म्हाताऱ्याला मी बघतो." तारीख दोन महिन्यांपूर्वीची. दुसऱ्यातही तेच. तिसरं संध्याकाळचं होतं: "बघितलं रे म्हाताऱ्याला. दोन घास जेवला, औषध घेताना मला चार शिव्या हासडल्या, आता घोरतोय."

तिने हेडफोन काढून ठेवला.

तिच्या घराखाली एक निवृत्त प्राध्यापक राहत. गेल्या शतकातल्या एका तत्त्वज्ञावरचं त्यांचं पुस्तक तिने टाइप करून दिलं होतं. अर्ध्याहून जास्त डोक्यावरून गेलं होतं. एकदा तिने विचारलंही, "एवढं काय सांगितलं हो या माणसाने?"

"शब्दाच्या पोटात अर्थ भरून ठेवलेला नसतो," प्राध्यापक म्हणाले होते. "माणसं तो शब्द घेऊन काय करतात, तिथे बघायचं. एवढ्यानं भाषेकडे बघायची पुढच्या कितीतरी लोकांची नजर बदलली."

"मग शब्दकोश रद्दीत घालायचा?"

"राहू द्या. पण 'घरी चल, दाखवते तुला' असं चिडलेली आई म्हणते, आणि नवी साडी घेतलेली मावशीही म्हणते. शब्दकोशाला कळेल फरक?"

तेव्हा ती हसली होती. आता तिने हेडफोन पुन्हा चढवला आणि उरलेली आठही संभाषणं ऐकली.

घरी थोरल्या बहिणीला तिने सगळं सांगितलं. ताई म्हणाली, "तू गप्प बस. कुणी विचारलंय तुला? नोकरी जाईल." कुकरची शिट्टी झाली तशी कानताई दचकून उभीच राहिली. तिला दोन्ही बाजूंनी भीती वाटत होती. गप्प बसले तर दोन माणसं माझ्या एका खुणेवर सडतील. बोलले, आणि त्या दिवशी सुताराने खरंच ढकललं असेल तर?

चौथ्या दिवशी ती केबिनमध्ये शिरली. घसा खाकरायचं भानच राहिलं नव्हतं.

"चौकट तुम्हीच भरलीत ना?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"सही तुमची?"

"हो."

"मग आताच काय साक्षात्कार झाला?"

"साहेब, मी वाक्य ऐकलं. ती माणसं नाही ऐकली."

साहेबांनी चार संभाषणं ऐकली आणि हेडफोन टेबलावर आपटला. "फोल्डर उघडायला कुणी सांगितलं होतं?" मग कोरे कागद तिच्याकडे सरकवून ते म्हणाले, "लेखी द्या."

तिने तीन कागद फाडले आणि चौथ्यावर सही केली.

कोर्टाने बाराही संभाषणं ऐकली. पुढे म्हाताऱ्यांना शुद्ध आली. सुतार औषध आणायला गेला होता आणि आपण जिन्यात चप्पल अडकून पडलो, एवढं त्यांनी सांगितलं. बेचाळीस दिवसांनी दोघे सुटले. कानताईची बदली आवक-जावकच्या खिडकीवर झाली.

एका दुपारी त्या खिडकीशी एक रुंद खांद्यांचा माणूस उभा राहिला. "इथे कानताई कोण? ध्वनिमुद्रण कक्षातून इकडे पाठवलं."

सुताराचा आवाज तिने ताबडतोब ओळखला. बारा वेळा ऐकलेला. याला आपली सही माहीत आहे की लेखी दिलेला कागद?

"त्या... आज रजेवर आहेत."

त्याने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "मी येऊन गेलो म्हणून सांगा त्यांना."

त्या आवाजात राग होता की आणखी काही, तिला कळलं नाही. तो पायऱ्या उतरून गेला. मागचा माणूस पाकीट पुढे करून दोनदा "अहो बाई" म्हणाला, तेव्हा कुठे तिने शिक्का उचलला.