वसतिगृहाचा अध्यक्ष

मूल गावच्या वसतिगृहात आम्ही चाळीसेक मुलं होतो. गृहपाल मास्तरांनी विद्यार्थी मंडळ काढलं, तेव्हा मी मॅट्रिकच्या वर्गात होतो. सभा कशी बोलवायची, ठराव कसा मांडायचा, विरोधात बोलणाऱ्याचं आधी कसं ऐकून घ्यायचं, हे ते दर शनिवारी शिकवत. मुलांनी मला अध्यक्ष निवडलं. चिटणीस झाला माझ्या खोलीतला सोबती, तलावावर मासे धरणाऱ्या घरातला. खरं पुढारीपण त्याच्यात होतं. तो बोलायला उभा राहिला की चुळबुळ थांबायची. माझे वडील गावचे पाटील, म्हणून मी अध्यक्ष.

दिवाळीनंतर चहूकडे नवं धान कापून येत होतं आणि आमच्या ताटात सोंडे पडलेला जुना तांदूळ. तीनदा अर्ज दिला. मग सभेत मीच ठराव मांडला, हेडमास्तर येऊन ताट बघत नाहीत तोवर कुणी जेवायचं नाही. सगळ्यांचे हात वर गेले. चिटणीस तेवढा म्हणाला, "लहान पोरायले यात नको घेऊ. त्यायले जेवू दे." मी मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला एकट्याला बोलावलं. ते ओरडले नाहीत. माझा मॅट्रिकचा फॉर्म टेबलावर ठेवला होता.

"यावर सही करू की नको, तूच सांग. डोकं कोणाचं हे?"

मी चिटणिसाचं नाव घेतलं.

त्याला त्याच दिवशी वसतिगृहातून काढून टाकलं. तो वळकटी बांधत असताना मी दारात उभा राहिलो.

"सांगितलं मले हेडमास्तरानं, कोनं नाव घेतलं ते," तो म्हणाला. "पोरायले नाई सांगत मी. मंडळ तुटन."

त्याचं गाव सात कोस. रोज चालत येणं शक्य नव्हतं. शाळा तिथंच संपली.

मी गृहपाल मास्तरांना सगळं सांगितलं. "सभा तेवढी चालवायला शिकवली तुम्हांले," एवढंच म्हणाले, आणि उठून गेले.

आठवड्याभरात नवा तांदूळ आला. मुलांनी मला खांद्यावर घेऊन अंगणभर फिरवलं. मी 'उतरवा' म्हणालो नाही.

मॅट्रिक झाल्यावर एकदा त्याच्या गावी गेलो. तलावाच्या पाळीवर तो जाळं वाळत घालत होता.

"पास झाला म्हने तू," तो म्हणाला, आणि बसायला जागा करून दिली. पुढं काय शिकणार, कुठं राहणार, सगळं विचारलं. जे बोलायला गेलो होतो, ते मी बोललो नाही.