पाटावरची डिस्क

सकाळच्या पहिल्या शिफ्टचे आठ पेशंट येऊन बसले होते आणि कोणाचं किती पाणी काढायचं हे सांगणारा कंप्युटर लॉक झाला होता. स्क्रीन चालू होती, पण तिच्यावर इंग्रजीत चार-पाच ओळी होत्या आणि त्या काही केल्या जात नव्हत्या. आमचे मॅनेजर सावंत साहेब यांनी त्या दोनदा वाचल्या आणि ते खुर्चीत बसले.

"वाट लागली. सगळ्याला कुलूप लावून ठेवलंय कोणीतरी. उघडायला पैसे मागतायत."

मी अंधेरीच्या एका डायलिसिस सेंटरवर अटेंडंट आहे. अकरा वर्षं झाली. ज्यांची किडनी चालत नाही त्यांचं रक्त मशीनमधून साफ करून परत द्यायचं आणि अंगात साठलेलं पाणी काढायचं, याला डायलिसिस म्हणतात. जास्तीचं पाणी नसताना माणसाचं जे वजन असतं ते ड्राय वेट. बावन्न ड्राय वेटची बाई साडेचोपन्न किलोची होऊन आली तर अडीच लिटर काढायचं. जास्त काढलं तर बीपी पडतं. कमी काढलं तर पाणी छातीत चढतं. वजन घेणं आणि मशीन पुसणं ही माझी कामं. आकडे मात्र सगळे कंप्युटरमध्ये.

वर्सोव्याच्या तांडेल काकी पहिल्या खुर्चीवर होत्या. त्या कोळीवाड्यात मासळी विकायच्या, आवाज अजून तसाच.

"काय गो सुमन, तुमचा कंप्युटर मेला म्हणून मी पण मरू काय?"

डॉक्टर मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी एकेकाच्या पायावर बोट दाबून सूज बघितली, छाती तपासली. मला पाच-सहा जणांची वजनं पाठ होती, ती मी सांगितली.

"तुझी आठवण चांगली आहे," त्या म्हणाल्या, "पण मी तिच्यावर मशीन लावणार नाही. आज सगळ्यांचं थोडं कमी काढू आणि दर अर्ध्या तासाला बीपी बघू."

ती शिफ्ट निघाली. खरी भीती पुढच्या पेशंटांची होती. ज्यांच्या रक्तात काविळीचा विषाणू असतो त्यांचं मशीन वेगळं ठेवावं लागतं. जुने आम्हाला माहीत होते. नव्या सहा जणांचे रिपोर्ट कुलपात होते. त्यांना परत पाठवावं तर पाणी चढणार, आणि चुकीच्या मशीनवर घ्यावं तर दुसऱ्याला आजार लागणार. परत रक्त तपासायला दिलं तरी रिपोर्ट दुसऱ्या दिवशी येणार, आणि त्यातले दोघे दुपारीच यायचे होते.

दहा वाजता आयटी कंपनीच्या नसरीन मॅडम आल्या. तिशीच्या असतील. बॅग ठेवायच्या आधी त्यांनी सगळ्या कंप्युटरच्या मागच्या इंटरनेटच्या वायरी उपटल्या. मग विचारलं, "बॅकअप?" बॅकअप म्हणजे सगळ्याची दुसरी नक्कल.

"आहे ना. डिस्क मागे कायम लावलेली असते. रोज आपोआप कॉपी होते," सावंत साहेब म्हणाले.

"कायम? मग ती पण लॉक झाली. आत शिरलेला जे जे जोडलेलं दिसेल ते बंद करतो."

त्या खाली वाकल्या. वायर लोंबत होती. डिस्क नव्हती.

पाच दिवसांपूर्वी खंडेनवमी झाली होती. आमच्याकडे त्या दिवशी दोन शिफ्टच्या मधे हत्यारांची पूजा असते. मशीनला झेंडूचा हार, पाटावर बीपीचं यंत्र, कात्र्या, चिमटे. सावंत साहेब म्हणाले होते, कंप्युटरमधलं पण काहीतरी ठेव. अख्खा कंप्युटर काही उचलता येणार नाही म्हणून मी मागची ती काळी डबी काढून पाटावर ठेवली. पूजेनंतर सगळं लाल कापडात बांधून कपाटात गेलं. दसऱ्याला बाकीचं निघालं, डबी राहिली. नंतर मला ती दिसली होती. पण कुठली वायर कुठे लावायची ते कळेना, आणि विचारायची लाज वाटली. मी कपाट लावून टाकलं.

"माझ्याकडे आहे," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की नसरीन मॅडमनी परत विचारलं.

डिस्कवर हळद लागलेली होती. सावंत साहेबांनी ती माझ्या हातातून घेतली आणि तडक रिसेप्शनच्या कंप्युटरकडे निघाले. तो अजून चालत होता.

"साहेब, थांबा," नसरीन मॅडम म्हणाल्या. "काही जोडू नका. तो पण आतून बिघडलेला असू शकतो."

"अहो, दोन मिनिटं. नुसतं बघतो."

त्या वेळी मी कशी बोलले मला माहीत नाही. "साहेब, काविळीच्या मशीनवरची नळी आपण दोन मिनिटांसाठी दुसऱ्याला लावतो काय?"

साहेबांचा हात थांबला. नसरीन मॅडम म्हणाल्या, "ताई, हे मी तासभर समजावलं असतं."

त्यांनी बॅगेतून कोरा लॅपटॉप काढला, आमच्या कशालाच कधी न जोडलेला. डिस्कवर काही लिहिलं जाणार नाही अशी सोय केली. आधी दोन कॉप्या काढल्या. घाई अजिबात नाही. तोवर एक वाजला. मग उघडलं. नावं एकामागोमाग एक वर येत गेली. तांडेल काकींचं आलं, त्या सहा नव्यांची आली, रक्ताच्या रिपोर्टसकट. अकरा वर्षं मी मशीनमधून रक्त स्वच्छ होऊन अंगात परत जाताना बघते. तरी त्या स्क्रीनसमोर माझ्या अंगावर काटा आला. दुपारच्या दोघांतला एक पॉझिटिव्ह निघाला. तो वेगळ्या मशीनवर गेला.

मधले पाच दिवस डिस्कमध्ये नव्हतेच. ते रद्दीत गेलेले शिफ्टचे कच्चे कागद शोधून हाताने भरले. काकींचं ड्राय वेट डिस्क बावन्न सांगत होती.

"बावन्न कुठलं? दसऱ्यानंतर या डॉक्टरीणबाईनेच अर्धा किलो कापलाय माझा," पुढच्या वेळी आल्या तेव्हा काकी म्हणाल्या. कागद बघितला. बरोबर होतं.

पैसे दिले नाहीत. पोलिसांत तक्रार दिली. सगळे कंप्युटर पुसून नव्याने भरायला तीन दिवस लागले. औषधवाल्याच्या नावाने आलेली खोटी मेल सावंत साहेबांनी स्वतः उघडली होती, आणि चोर त्यातूनच आत शिरला होता. ते त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मी पण माझं सांगितलं.

आता डिस्क दोन आहेत. एक लावलेली, एक कपाटात, रोज अदलाबदल. प्रत्येक पेशंटचं कार्ड कागदावर असतं. महिन्यातून एकदा नसरीन मॅडम येऊन कपाटातली डिस्क खरंच उघडते का ते बघतात. नुसती असून भागत नाही.

त्या वेळी आम्ही वाचलो ते माझ्या चुकीमुळे. चुकण्याची ड्यूटी कोणाला लावता येत नाही. म्हणून डिस्क काढायची ड्यूटी लावली आहे. ती माझी आहे, आणि वहीत रोज माझी सही असते.