सवा पस्तीस अंशांचं शिखर

आमचे अनंतराव भोकरच्या शाळेत जन्मभर भूमिती शिकवून रिटायर झाले. मी त्यांची बायको, सौदामिनी. माझा विषय मराठी, म्हणजे ह्यांच्या मते विषयच नाही. पोरं दरवर्षी ह्यांना विचारायची, "सर, ह्या कोनाचा उपयोग काय हाय?" हे सांगायचे, "परीक्षेत येतो." नोकरीत ते उत्तर खपलं. घरी बसल्यावर मात्र तेच खायला उठलं. एकदा तरी हा कोन हातात धरून बघायचाच, असं ह्यांनी डोक्यात घेतलं.

निमित्त मिळालं वास्तुशांतीचं. आमच्या मुग्धानं लातूरला फ्लॅट घेतला. तिला दुकानातला देव्हारा पसंत होता. "हॅट्! मी करतो," हे म्हणाले. "सागवानी. चारी बाजूंनी उतरतं शिखर, आणि एक खिळा नाही." लाकूड कापायची मशीन आली. आमच्या विष्णुपुरीच्या घरातल्या पार्किंगला 'वर्कशॉप' म्हणायचं फर्मान निघालं आणि माझी स्कूटी गेली उन्हात.

तर त्या शिखराच्या फळ्यांचा काप दुहेरी तिरपा. मशीनचं पातं वळवायचंही आणि कलतंही करायचं. ह्यांनी हिशेब काय केला? चौकोनाचा कोपरा नव्वद, निम्मे पंचेचाळीस. लावलं दोन्हीकडे पंचेचाळीस! अहो, ह्याच चुकीपायी ह्यांनी किती पोरांना अंगठे धरायला लावले असतील. चारी त्रिकोण जुळवले तर शिखर काही उठेना. सपाट पडलं. मी म्हटलं, "झालं की! जेवायला बसायला पाट आला."

मग बसले कागद घेऊन. चहा गार, वरण गार. फळी उताराला लावली की कोपऱ्याचा हिशेब बदलतो, हे मलाच समजावून राहिले, जसं काही मीच कापलं होतं. शेवटी उत्तर निघालं: वळण सवा पस्तीस, कल तीस. कापलं, सरस लावला, दोरीनं आवळलं. उभं राहिलं बाई! हा माणूस त्याच्याभोवती फेऱ्या मारत होता. मला हसू आलं, आणि खरं सांगते, भरूनही आलं.

लातूरला पूजा मांडता मांडता गुरुजींची नजर देव्हाऱ्यावर गेली. "काका, घरच्या देव्हाऱ्याला शिखर न्हाई चालत. शिखर देवळाला. काढा तेवढं."

आमचे देव पिढ्यान्‌पिढ्या भिंतीतल्या कोनाड्यात. आम्हाला दोघांना कुठलं माहीत?

बरं, काढायचं तरी कसं? खिळा असता तर उपटला असता. काप चुकला असता तर आपसूक पडलं असतं. इतकं बिनचूक बसलं होतं, तीच पंचाईत! मुग्धा रडवेली झाली. जावई म्हणाले, "राहू द्या ना, गुरुजी." गुरुजींनी नुसतं घड्याळ पाहिलं. असा राग आला मला त्या माणसाचा!

शेजारच्या फ्लॅटमध्ये सुताराचं काम चालू होतं. हेच जाऊन करवत मागून घेऊन आले. कोणाला हात लावू दिला नाही. शिखराच्या बुडाशी, खालच्या छताच्या फळीलगत आडवा, सरळ काप. त्याला ना साइन लागतो ना कोसाइन. देव सपाट छपराखाली बसले, वास्तुशांत झाली, पंगत उठली.

हे कुठं दिसेनात. पाहते तर गॅलरीत. शिखर उन्हाकडे धरून खालून त्याच्या पोकळीत डोळा लावलेला. मी धसकलेच.

"अगं, इकडे ये," म्हणाले. "आतून बघ. सांध्यांतून कुठं उजेड दिसतो का?"

मी डोळा लावला. भर दुपारचं लातूरचं ऊन, आणि आत एक तिरीप नाही.

"नाही हो," मी म्हटलं. "मिट्ट अंधार आहे."

एवढा खूश झालेला हा माणूस मी आमच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.